ड्रिल मशीनचं तडकलेलं बीडाचं टेबल जोडायचं कसं

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मानवतकडचा एक तरुण टेम्पोत पिलर ड्रिल घालून आमच्या सेलूच्या दुकानात आला. मशीन जुनं पण दमदार, वाळूजच्या एका बंद पडलेल्या युनिटमधून त्याने घेतलेलं. टेबल ज्या गळ्याने पिलरला आवळलं जातं, तो गळा तडकला होता. कुणीतरी आवळायच्या हँडलवर पाइप चढवून जोर लावला होता. गावातच त्याने साध्या, म्हणजे पोलादाच्या वेल्डिंग रॉडने तो जोडून घेतला. संध्याकाळी वेल्डिंग चकाचक दिसत होतं. सकाळी त्याने आपलं दुकान उघडलं तर जुन्या तड्याच्या शेजारी, वेल्डिंगच्या काठाला अगदी चिकटून, नवा तडा. "दादा, रात्री कुणी हातबी लावला नाही हो त्याला," असं तो परत परत सांगत होता. त्याचं खरं होतं. बीड तडकायला हात लावावा लागत नाही.

ते टेबल आज चालू आहे. ते कसं जोडलं हे नवीन पोरांना नीट कळावं म्हणून सविस्तर लिहितोय. आमच्या भागात ड्रिलचं नवं टेबल ओतून घ्यायचं तर पॅटर्नपासून, म्हणजे साच्याच्या नमुन्यापासून सुरुवात करावी लागते, आणि जुन्या मशीनचा सुटा भाग मिळणं नशिबावर. म्हणून हे काम शिकण्यासारखं आहे.

आधी बीडाचा स्वभाव

बीड म्हणजे ओतीव लोखंड, ज्याला दुकानात आपण सी.आय. किंवा नुसतं कास्टिंग म्हणतो. साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. करड्या बीडात तो अडीच ते चार टक्के असतो. हा जास्तीचा कार्बन धातूत विरघळून राहत नाही, ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे होऊन बसतो. ह्या पापुद्र्यांमुळेच बीड मशीनसाठी उत्तम: थरथर पचवतं, सहज कापलं जातं, पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. पण हेच पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटात आधीपासून असलेल्या चिरा. पोलाद ताण आला की थोडं लांबतं. बीड लांबत नाही, तुटतं.

वेल्डिंग करताना एक जागा वितळते, बाकीचं थंड असतं. तापलेली जागा फुगते, मग आकसते. आकसताना शेजारच्या थंड धातूला ओढते. पोलादाने ही ओढ सोसली असती, बीड सोसत नाही. शिवाय आजूबाजूच्या थंड वजनामुळे वेल्डिंगच्या काठाची पट्टी झटक्यात गार होते. कार्बनला ग्रॅफाइट होऊन बाहेर यायला सवडच मिळत नाही, आणि ती पट्टी काचेसारखी कडक होते. तिच्यावर कानस नुसती घसरते. साधा रॉड वापरला तर तो बीडातला कार्बन ओढून घेतो आणि वेल्डिंगसुद्धा कडक होतं. मानवतच्या टेबलाचं नेमकं हेच झालं. डिसेंबरातली परभणी जिल्ह्याची रात्र, न झाकता ठेवलेलं गरम कास्टिंग, आणि कडक पट्टीवर ओढ.

मी वाळूजला ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो ते एकच गोष्ट रोज सांगायचे, "काय घाई करायलास बेटा? सावकाश तापू दे, त्याहून सावकाश निवू दे." 1985 ला तिथे बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या भोवती सुट्या भागांची बरीच लहान दुकानं उभी राहिली. आमचं त्यातलंच एक. दिवसभर मोजून काम निघायचं, आणि अशा घाईच्या जागी उस्ताद बीडाच्या जॉबला दोन-दोन दिवस द्यायचे. मालक त्यांना त्याबद्दल काही बोलत नसत, कारण त्यांचा जॉब परत येत नसे.

हे नक्की बीडच आहे ना?

सगळ्या मशीनची टेबलं बीडाची नसतात. काही ठिकाणी जाड प्लेट वेल्ड करून टेबल केलेलं असतं, त्याला साधा रॉड चालतो. टेबलाच्या खालच्या बाजूला ग्राइंडर हलकासा टेकवा. पोलादाच्या ठिणग्या लांब जातात, पिवळ्या आणि फुलणाऱ्या. बीडाच्या ठिणग्या आखूड, लालसर, लवकर विझणाऱ्या. तरी शंका असेल तर न दिसणाऱ्या जागी 3 मि.मी.चं ड्रिल थोडं घाला. पोलादाचे वेटोळे निघतात, बीडाचा काळा भुगा निघतो आणि बोटांना काजळी लागते. ती काजळी म्हणजेच ग्रॅफाइट.

काय जोडायचं, काय सोडून द्यायचं

नवखा माणूस टेबल बघतो आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यात भरतात वरची भोकं. जॉबखाली लाकूड न ठेवता ड्रिल मारल्याने पडलेले चंद्रकोरीसारखे खड्डे. माझं स्पष्ट मत आहे, ती वेल्डिंगने भरू नका. टेबलाचा वरचा चेहरा सपाट असणं हेच त्याचं मोल. दहा खड्डे भरताना दहा जागी उष्णता जाईल आणि टेबल वाकेल. खड्डे कामाच्या आड येत नाहीत. फारच मोठं भोक असेल तर ते रीमरने गोल करा, जुन्या बीडाच्या तुकड्यातून लेथवर गुट्टी काढा, घट्ट ठोका आणि वरून कानसून घ्या. गुट्टी बसवायला उष्णता लागतच नाही. लहान खड्ड्यांत लोखंडी भुकटी मिसळलेली इपॉक्सी पुट्टी भरली तरी पुरतं.

टी स्लॉटचा, म्हणजे बोल्ट अडकवायच्या टी आकाराच्या खाचेचा ओठ तुटला असेल तर तुकडा हातात आहे का ते आधी बघा. तुकडा असेल तर पितळेने छान बसतो. तुकडा हरवला असेल आणि बाकीचे स्लॉट शाबूत असतील तर तेवढी जागा सोडून मशीन वापरा.

गळ्याचा तडा मात्र सोडता येत नाही. टेबल पिलरवर धरून ठेवणारा भाग तोच. त्यातून जॉब आवळताना टेबल खाली घसरलं तर हात जायची भीती. म्हणून पुढचं सगळं प्रामुख्याने गळ्याच्या तड्याबद्दल लिहितोय.

एक निर्णय अगदी सुरुवातीलाच घ्यावा लागतो: निकेल रॉड की पितळ? एकदा पितळ लावलं की त्या जागी पुन्हा आर्क वेल्डिंग धरत नाही. तांबं-जस्त वेल्डिंगमध्ये मिसळतं, जागा सच्छिद्र होते आणि फुटते. त्यामुळे "आधी पितळ लावून बघू, नाही जमलं तर रॉड मारू" असा विचार करू नका.

गॅसचा हात बसलेला असेल आणि सुटा भाग पूर्ण तापवता येत असेल तर पितळ चांगलं. हातात फक्त आर्क मशीन असेल, किंवा गळ्याचा बोअर (पिलर जातो ते भोक) जराही हलू द्यायचा नसेल, तर निकेल रॉडने थंड पद्धत, म्हणजे कास्टिंग फार न तापवता. नवख्याला मी थंड पद्धतच सांगतो, कारण तिच्यात वेल्डिंग लहान लहान टाक्यांनी होतं आणि चूक झाली तर पुढच्या टाक्याआधी थांबता येतं.

हात बसवायला जुनं भंगार घ्या. कडबा कुट्टीचं फुटकं चाक, पाण्याच्या मोटारीचं जुनं केसिंग, डिझेल इंजिनचा फुटका भाग, मराठवाड्यात कुठल्याही भंगारवाल्याकडे असलं बीड पडलेलं असतं. त्यातला एक तुकडा स्वतः हातोडीने फोडा आणि पुन्हा जोडा. दोनदा फसेल, तिसऱ्यांदा धरेल. गिऱ्हाइकाच्या टेबलावर शिकू नका.

टेबल उतरवणं

मशीनवर ठेवून वेल्डिंग कधीच करू नका. अर्थिंग कुठेतरी बेसला लावलं तर करंट वाट मिळेल तिकडून, म्हणजे स्पिंडलच्या (ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमधूनसुद्धा, जाऊ शकतो आणि बेअरिंगवर डाग पडतात. टेबल काढा. बहुतेक पिलर ड्रिलमध्ये वरचं हेड उतरवल्याशिवाय टेबल निघत नाही, आणि हेडला मोटारीचं वजन असतं. दोन माणसं आणि दोरखंड हवेच. वर-खाली करायच्या रॅकची कुठली बाजू वर होती त्यावर खडूने खूण करा. टेबल वेगळ्या ब्रॅकेटवर बसवलेलं असेल तर तेही सुटं करा, म्हणजे तापायचा भाग लहान राहील.

तडा खरंच कुठे संपतो?

ह्या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. जुन्या टेबलात वर्षानुवर्षांचं कूलंट आणि तेल मुरलेलं असतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, वाळवा, मग गॅसने किंवा ब्लो लॅम्पने सगळीकडून हळूहळू शेकवा. तड्यातून धूर निघताना दिसेल आणि तेलाचे काळपट थेंब वर येतील. पुसा, पुन्हा शेकवा. धूर बंद होईपर्यंत. तेल आत राहिलं तर वेल्डिंगमध्ये बुडबुडे होतात आणि ते भोकं होऊन वर दिसतात.

थंड झाल्यावर तड्यावर डिझेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, कापडाने अगदी कोरडं पुसा. मग खडू किसून ती पांढरी भुकटी वर चोपडा आणि नजर लावून बसा. पाच-सात मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेष उमटते. मानवतच्या टेबलावर डोळ्याला दिसणारा तडा चार बोटं होता. खडूवर तो बोल्टच्या भोकाला वळसा घालून आणखी दीड बोट पुढे गेलेला निघाला. आधीच्या वेल्डरने तेवढा भाग सोडला होता, म्हणजे कडक पट्टी नसती झाली तरी तडा तिथून पुढे चाललाच असता. बाजारात लाल रंग आणि पांढऱ्या डेव्हलपरचे डबे मिळतात, ते अधिक बारीक दाखवतात. पण खडू-डिझेलने गळ्याएवढं काम भागतं.

ओली रेष जिथे संपते तिच्या तीन-चार मि.मी. पुढे पंच मारा आणि 3 मि.मी.चं भोक आरपार पाडा. दोन्ही टोकांना. तड्याचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे गोळा होतो. गोल भोक आलं की ताण पसरतो आणि तडा तिथे अडतो.

खाच

आधी कुणी साधा रॉड मारला असेल तर तो सगळा काढून टाका, आणि शेजारचं कडक झालेलं बीडही दोन-तीन मि.मी. काढा. कडक जागा कानशीने ओळखा, जिथे कानस घसरते तिथे अजून कापायचं.

तड्याच्या रेषेवर खाच करायची, तळाला गोलसर आणि वर उघडी, साधारण 60 ते 70 अंशांची. टोकदार व्ही नको, तळाशी यू. रॉड तळापर्यंत सहज पोचला पाहिजे. गळ्याची जाडी 15 मि.मी. असेल तर बोअरच्या बाजूला दोन-अडीच मि.मी. तसंच ठेवा, म्हणजे दोन्ही काठ आपल्या जागी राहतील आणि वितळलेला धातू बोअरमध्ये उतरणार नाही.

ग्राइंडरने घासलेल्या बीडावर ग्रॅफाइट पसरतं, लोण्यासारखं. त्या काळपट थरावर ना पितळ धरतं ना निकेल. म्हणून खाचेचा शेवटचा हात गोल कानशीचा असू द्या, मग स्वच्छ वायर ब्रश. पितळेचं काम असेल तर जास्त ऑक्सिजनच्या फ्लेमने खाच जराशी भाजून पुन्हा ब्रश मारा, वरचं ग्रॅफाइट जळून जातं. हे केलं नाही तर पितळ पाऱ्यासारखं गोळा होऊन पळतं आणि नवखा माणूस फ्लक्सला (पितळ धरावं म्हणून लावायच्या पावडरीला) दोष देत बसतो.

थंड पद्धत

दुकानात दोन तऱ्हेचे निकेल रॉड मिळतात. एक जवळजवळ शुद्ध निकेलचा, अमेरिकन वर्गवारीत ई-एन-आय सी-आय. दुसरा निकेल आणि लोखंड साधारण अर्धा-अर्धा, ई-एन-आय-एफ-ई सी-आय, ज्याला बाजारात 55 म्हणतात. शुद्ध निकेलचं वेल्डिंग मऊ, नंतर ड्रिल किंवा कानस सहज चालते. 55 चा रॉड जास्त ताकदीचा, जाड भागाला चांगला आणि स्वस्तही. गळ्याला मी तळाचे टाके शुद्ध निकेलने आणि वरची भर 55 ने करतो. निकेल रॉड महाग असतात, म्हणून खूप दुकानदार सुटे देतात. चार-सहा घेतले तर गळ्याचं काम होतं. रॉड दमट नसावेत. पावसाळ्यात घेतले असतील तर पुड्यावर सांगितल्याप्रमाणे शेकून घ्या.

2.5 मि.मी.च्या रॉडला साधारण 60 ते 80 अँपिअर. डी.सी. मशीन असेल तर रॉड पॉझिटिव्हला. आर्क टिकेल एवढाच करंट ठेवा, कमीत कमी. जास्त करंट म्हणजे जास्त बीड वितळणार आणि तितकी कडक पट्टी रुंद होणार. गावात व्होल्टेज पडत-चढत असेल तर हे काम अशा वेळी करा जेव्हा ते स्थिर असतं. मी पहाटे करतो.

कास्टिंग आधी सगळीकडून कोमट करा, हात ठेवता येईल इतपत. हिवाळ्यात तर हे चुकवूच नका. दाराची झुळूक येते ती बंद करा, पंखा बंद. पण धूर बाहेर जायला वरची खिडकी उघडी असू द्या, निकेलचा धूर छातीला वाईट. मास्क लावा, 10 किंवा 11 नंबरची काच, सुती कपडे, चामड्याचे हातमोजे.

आता मुख्य काम. एक टाका 20 ते 25 मि.मी.चा, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा. सरळ ओढायचा, डावी-उजवीकडे झुलवायचा नाही. आर्क खाचेतच पेटवा, बाहेरच्या बीडावर ठिणगी मारू नका, तो ठिपकाही कडक होतो. टाका संपताना रॉड झटकन उचलू नका, शेवटचा खड्डा भरू द्या आणि मागच्या टाक्यावर येऊन सोडा.

टाक्याची लाली गेली रे गेली की बॉल पेन हातोडीच्या गोल बाजूने ठोकायला घ्या. हलके, पटापट, शेजारी-शेजारी. जोर नको, संख्या हवी. निकेल मऊ असतं, ठोकल्याने ते पसरतं, आणि जेवढं ते आकसून बीडाला ओढणार होतं तेवढी ओढ निघून जाते. सुरुवातीला आवाज थबथब येतो, टाका निवत जातो तसा तो टणक होत जातो. आवाज टणक झाला की थांबा, आता ठोकलं तर बीडालाच मार बसेल. टाक्याच्या सगळ्या अंगावर बारीक खळगे दिसले पाहिजेत. मग स्लॅग (टाक्यावरची पापडी) काढून ब्रश मारा.

आणि थांबा. टाक्याशेजारी हात ठेवून बघा. हात आरामात टिकेपर्यंत पुढचा टाका नाही. पाणी नाही, हवेचा पाइप नाही, ओलं फडकं नाही. दुसरा टाका पहिल्याला लागून मारू नका, लांब मारा. तड्याच्या एका टोकाला पहिला, मग मधे, मग दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येक टाका मागच्या टाक्याकडे ओढत आणायचा. आधी खाचेच्या दोन्ही भिंतींना निकेलचा एकेक थर द्या, दोन भिंती अजून एकमेकींना जोडू नका. ह्याला लोणी लावणं म्हणतात. भिंतींवर निकेल बसलं की मग मधली भर. त्यामुळे शेवटी जे आकसतं ते निकेलला ओढतं, बीडाला कमी.

मधेच बारीक "टिक" आवाज आला तर काम थांबवा. तो तडा जाण्याचा आवाज आहे. ग्राइंडर घ्या, ती जागा उघडा, खडू लावून बघा. वरून रॉड मारून झाकलेला तडा उद्या पुन्हा वर येतो. मानवतच्या गळ्याला दुसऱ्या थरात असा आवाज आला होता, कारण मी बोल्टच्या भोकाजवळ टाका थोडा लांब ओढला होता. तेवढा कापून पुन्हा दोन लहान टाके मारले. चार-पाच टाके झाले की पिलरचा तुकडा किंवा त्याच मापाचा टर्निंग केलेला गोळा बोअरमध्ये सरकवून बघत राहा. गळा आवळायला लागला असेल तर पुढचे टाके तड्याच्या दुसऱ्या बाजूने आधी भरा. पण तो गोळा आत ठेवून वेल्डिंग करू नका, गळा त्याच्यावर आकसून अडकेल आणि तिथेच नवा ताण तयार होईल.

साडेपाच बोटांच्या तड्याला आम्हाला पहाटे सहापासून दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत लागलं. त्यातला रॉड पेटलेला वेळ पंधरा-वीस मिनिटांचा असेल. बाकी सगळं ठोकणं आणि वाट पाहणं. मानवतचा तरुण बाजूला बसून होता. तिसऱ्या-चौथ्या टाक्यानंतर त्याने स्वतःहून हातोडी मागून घेतली आणि पुढचं ठोककाम त्यानेच केलं.

पितळेने जोडायचं असेल तर

बीड साधारण 1150 ते 1200 अंशांना वितळतं. ब्रेझिंगची पितळी कांडी, ज्यात साधारण 60 टक्के तांबं आणि 40 टक्के जस्त, ती 900 च्या आत-बाहेर. म्हणून पितळेच्या कामात बीड वितळतच नाही, पितळ त्याच्या तोंडाला चिकटतं. ओठाचा तुकडा किंवा कान बसवायला हे फार चांगलं.

इथे कास्टिंग पूर्ण तापवावं लागतं. गोवऱ्यांचा आर मांडून त्यात सगळा भाग सावकाश शेकला तर उष्णता सारखी बसते. एका बाजूने गॅसचं नोझल धरून तापवलं तर ती बाजू फुगते आणि दुसरी तडकते. किती तापलं हे कळायला तापमान मोजायची बंदूक नसेल तर सोल्डरची तार टेकवा. साधं 60-40 चं सोल्डर 190 अंशांच्या आसपास वितळतं. शिशाचा तुकडा 327 ला वितळतो. शिसं वितळायला लागलं की गॅस हातात घ्या आणि जोडाची जागा मंद लालीपर्यंत आणा. उन्हात लाली दिसत नाही, आडोशाला काम करा.

कांडीचं टोक तापवून फ्लक्समध्ये बुडवा. जुने लोक टाकणखार वापरतात, तो चालतो, पण बीडासाठीचा तयार फ्लक्स जास्त सोपा. आधी पितळेचा पातळ थर खाचेच्या भिंतीवर ओला होऊन पसरला पाहिजे, तव्यावर तूप पसरतं तसा. तो पसरला की भर घाला. पांढरा धूर निघायला लागला तर पितळ जास्त तापतंय आणि जस्त जळतंय. तो धूर श्वासात गेला की संध्याकाळी अंगात कणकण येते, थंडी वाजते. आपल्याकडे धुराचं काम झालं की गूळ देतात, पण गुळाने तो धूर उतरत नाही. तोंड बाजूला ठेवा, हवा खेळती ठेवा.

गॅसच्या टाक्या उभ्या आणि साखळीने बांधलेल्या असाव्यात, ऑक्सिजनची काळी, अ‍ॅसिटिलीनची तपकिरी-तांबडी. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावू नका.

निववणं

थंड पद्धतीत शेवटचा टाका झाला की कोरड्या गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवा, एवढं पुरे. पितळेच्या कामात मात्र निववणं हे अर्धं काम आहे. आधी संपूर्ण कास्टिंग पुन्हा सारखं तापवून घ्या, मग पत्र्याच्या पेटीत कोरड्या राखेत पुरा. वरखाली वीतभर राख हवी. गुऱ्हाळाची चाळलेली राख किंवा पऱ्हाट्यांची राख उत्तम. काही जण विझवलेल्या चुन्याची कोरडी भुकटी वापरतात, तीही चालते, पण कळीचा चुना आणि ओल दोन्ही जवळ नकोत. रात्रभर पेटी उघडायची नाही. सकाळी राख कोमट लागली तर अजून थांबा.

तपासणी आणि बसवणं

कास्टिंग दोरीने टांगा आणि लाकडी दांड्याने टिचकी मारा. बाजारात मडकं वाजवून घेतो तसंच. अखंड असेल तर आवाज थोडा वेळ रेंगाळतो, तडा असेल तर लगेच बसतो. त्यानंतर पुन्हा खडू-डिझेल, ह्या वेळी वेल्डिंगच्या दोन्ही काठांवर खास.

वरची उंच भर ग्राइंडरने उतरवा, शेवट कानशीने. बोअरच्या आत कुठे अडत असेल तर पिलरला मार्किंग ब्लूचा पातळ हात द्या, गळा सरकवा, जिथे निळं लागेल तेवढंच अर्धगोल कानशीने घ्या. आत ग्राइंडर घालू नका, एका झटक्यात बोअर सैल होईल.

टेबलाच्या चेहऱ्यावर सरळ पट्टी ठेवा, मागून बॅटरी धरा, उजेड कुठून येतो बघा. फिलर गेजची 0.05 मि.मी.ची पाती कुठे जाते त्याची नोंद करा. थोडी दरी असली म्हणून लगेच घासायला घेऊ नका. ड्रिलच्या कामाला महत्त्वाचं ते टेबल स्पिंडलला काटकोनात असणं. चकमध्ये वाकवलेली सळई धरा, तिच्या टोकाला डायल गेज बांधा, बेल्ट काढून स्पिंडल हाताने फिरवा. 200 मि.मी. व्यासाच्या फेऱ्यात काटा 0.1 मि.मी.च्या आत फिरला तर सर्वसाधारण कामासाठी मी तो जॉब पास करतो. जास्त फिरत असेल तर ब्रॅकेटच्या बैठकीत पातळ पत्रा घालून सुधारता येतं.

आवळायचा बोल्ट नवा टाका, ताकदीचा, आणि त्याखाली जाड वॉशर. हँडलवर पाइप चढवायचा नाही, हे मी मशीनवरच रंगाने लिहून देतो. जॉबखाली लाकडाचा तुकडा कायम. महिनाभर रोजचं काम झालं की टेबल न उतरवता गळ्यावर एकदा खडू-डिझेल करा, विशेषतः टोकाच्या दोन भोकांपलीकडे. मानवतच्या मशीनचं ते मी स्वतः जाऊन केलं, खडू कोरडा राहिला.